सहा बिटांचा नवरा

शेवंती कुबलचा नवरा सहा बिटांचा होता, आणि ही गोष्ट अख्ख्या खारवळे बंदराला ठाऊक होती.

पूर्वी नवऱ्यांना असं माप नसे. बायका नवरे तोलत, पण अंदाजाने. एकीचा कष्टाळू, एकीचा तापट, एकीचा बाटलीकडे जरा जास्त बघणारा. नेमका आकडा आला तो तीन वर्षांपूर्वी. किनाऱ्यावरच्या बेचाळीस मच्छीमार सोसायट्यांनी मिळून उपग्रह सोडले, प्रत्येक जेवणाच्या डब्याएवढा. खोल समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक बोटीवर एक पेटी बसली आणि तिची जोडीदार पेटी तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, घरी. दर दीड तासाने एखादा उपग्रह डोक्यावरून जाई आणि बारा मिनिटं बोटीचं घराशी बोलणं होई.

खरं तर हे बोलणं होऊच शकलं नसतं. चार हजार बोटींत वाटणी झाल्यावर एका बोटीच्या वाट्याला सेकंदाला एक ठोका येई. शून्य किंवा एक, बस्स. माणसाचा आवाज जसाच्या तसा पाठवायचा तर सेकंदाला हजारो ठोके लागतात. बारा मिनिटांच्या सातशेवीस ठोक्यांत धड एक ‘हॅलो’ मावला नसता. तरीही भालचंद्र कुबलचा घोगरा, कायम पडसं झाल्यासारखा आवाज साठ मैलांवरून शेवंतीच्या स्वयंपाकघरात असा उमटे, की तो चुलीशी बसूनच बोलतोय असं वाटावं.

ही करामत सलमा मुकादमची. दाभोळची पोर, दूरसंचारात इंजिनीअर झालेली, बोलायला गोड आणि चुकलं तर पहिली स्वतःच कबूल करणारी. पेट्या बसवल्या त्या दिवशी लिलावाच्या शेडमध्ये तिने सगळ्या बायकांना जमवलं आणि शेवंतीलाच पुढे घेतलं.

“शेवंतीकाकी, भालूकाका घरी आल्यावर पहिलं काय म्हणतात?”

“पाणी दी.”

“आणि तुम्ही तांब्या कधी भरता?”

“तेंची चप्पल वाजली की.”

“म्हणजे त्यांनी म्हणायच्या आधीच. मग ते वाक्य त्यांनी म्हटलं काय, न म्हटलं काय, तुम्हाला नवीन काही कळलं का? नाही. ही पेटी तेच करते. महिनाभर ती काकांचं बोलणं ऐकणार. बोटीवरची पेटी आणि घरातली पेटी ही जुळी भावंडं, दोघींच्या मनात एकच अंदाज: आता हा माणूस काय बोलेल. अंदाज बरोबर आला तर पाठवायचं काहीच नाही. चुकला तर तेवढी चूकच पाठवायची. बाकीचं वाक्य घरची पेटी काकांच्या आवाजात स्वतःच म्हणते.”

बायकांना हे एका झटक्यात समजलं. अंदाजावर संसार करण्याचा अनुभव शेडमध्ये कुणालाच कमी नव्हता.

पेटीच्या पडद्यावर प्रत्येक निरोपाखाली एक आकडा येई, किती बिट लागले त्याचा. दोन उत्तरं अगदी सारखीच शक्य असावीत आणि त्यातलं एक आपल्याला कळावं, म्हणजे एक बिट. दोन बिट म्हणजे चारातलं एक, तीन म्हणजे आठातलं एक. असं दुप्पट दुप्पट करत सहा बिट म्हणजे चौसष्टातलं एक. याचा हिशेब शेवंतीने पहिला सहा आला त्याच रात्री केला होता. पंचवीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचं सगळं बोलणं बुद्धिबळाच्या पटावर मावत होतं.

“सगळा बरा आसा. जेवलंय. बांगडो होतो. परवा येतंय.”

रोज हेच. बांगड्याच्या जागी कधी पेडवा, कधी मोरी. परवाच्या जागी कधी उद्या. सहा बिट जे काय होते ते या माशात आणि या दिवसात.

सकाळी लिलावाला जमल्यावर बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला.

“तुजो किती इलो गो?”

“एकेचाळीस!” रंजना तोरसकर शेजारच्या टोपलीवरून मान उंच करून सांगे. “आमच्या घोवान काल देवमासो बघल्यान. तेच्या शेपटेर कावळो बसलो होतो म्हणता.”

“साठ मैलार कावळो?”

“म्हणान तर एकेचाळीस इले!”

सलमाने त्यांना बजावलं होतं की बिट खरं-खोटं ओळखत नाही, अनपेक्षित किती तेवढंच मोजतं. पण आकडा एकदा दिसायला लागला की माणसं त्याच्यामागे लागतातच. वर्षभरात बंदरातले पुरुष आकडा वाढवायला शिकले. कुणी समुद्रातून कोडी घाली. कुणी मेहुणीची चौकशी करी, मग घरी आल्यावर वेगळेच बिट मोजावे लागत. एका पठ्ठ्याने तर वंगणतेलाच्या डब्यावरचा मजकूर वाचून दाखवून तीनशेच्या वर मजल मारली, आणि त्याच्या बायकोने तीन दिवस पेढे वाटल्याचा चेहरा करून मिरवलं.

भालचंद्र सहावर ठाम होता. शेवंती लिलाव पुकारायची. चाळीस बायका एकदम ओरडत असताना कुणाची बोली कुठून आली हे तिच्या कानाला नेमकं कळे, आणि प्रत्येक बोली ती तीनदा म्हणून घेई म्हणजे गोंगाटात घोटाळा नको. अशा बाईचा नवरा सहाचा, याची गंमत बंदर मनापासून घेई. ती हसून नेई. पण दुपारी उपग्रहाची वेळ झाली की पडद्याकडे बघायची तिला सवय लागली होती. एखाद्या दिवशी सात यावा. एवढंच.

बायकांच्या बोलण्याचाही आकडा निघे. तो बोटीवरच्या पडद्यावर दिसे, आणि पुरुष घरी त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

त्या कार्तिकात समुद्रात हवा बिघडली. गोव्याच्या बाहेर रेंगाळणारा कमी दाबाचा पट्टा एका रात्रीत वर सरकला. बंदरातल्या बहुतेक बोटी देवगडच्या खाडीत शिरून सुखरूप बसल्या. भालचंद्रची ‘सातेरीप्रसाद’ आणि तिच्यावरची सहा माणसं तेवढी अजून बाहेर होती. पण आदल्या दिवशीच तो म्हणाला होता, परवा येतंय. पडद्यावरच्या नकाशात बोटीचा हिरवा ठिपका नेहमीच्या वाटेने निमूट घराकडे सरकतही होता.

दुपारी अडीचला पेटी बोलली.

“सगळा बरा आसा. जेवलंय. बांगडो होतो. उद्या येतंय.”

खाली आकडा आला: तीन.

रंजना शेजारीच बसली होती. तिचा देवमासावाला नवरा खाडीत पोचलेला, त्यामुळे तिला थट्टा सुचत होती. “शेवंते, सहाचे तीन झाले गो! आणखी वर्सान शून्य. मगे पेटीच घोव म्हणान ठेव.”

शेवंती हसली नाही. तीन हा आकडा तिने कधी पाहिलेला नव्हता. तीन म्हणजे आठातलं एक. तिचा नवरा एकसुरी होता हे कबूल, पण इतका भालचंद्र तर खुद्द भालचंद्रही नव्हता. आवाजही जरा जास्तच त्याचा वाटला. पडसं होतं, पण वाऱ्याचा एक फटकारा नव्हता.

तिने डोक्यावर पदर घेतला आणि छत्रीची पर्वा न करता सोसायटीच्या कचेरीत गेली. पेट्यांच्या दुरुस्तीला आलेली सलमा हवेमुळे तिथेच अडकून पडली होती. टेबलाशी चेअरमन दत्ताराम खवणेकर शोधकेंद्राशी फोनवर बोलत होते. दोन बोटींनी मदत मागितली होती, मालवणकडच्या.

“बाय,” शेवंती सलमाला म्हणाली, “माजो घोव काय बोललो नाय. पेटी बोलली.”

“म्हणजे?”

“तीन इले.”

सलमाने नेहमीचं स्पष्टीकरण दिलं नाही. तिने संगणकावर त्या निरोपाचे कच्चे ठोके काढले आणि तपासले. बोटीचा अँटेना कलला असावा. किनाऱ्यावरून जाणारं नीट पोचत होतं, इथला मनोरा मोठा होता. पण तिकडून येणाऱ्या शंभर ठोक्यांत साठ खरे होते आणि चाळीस खोटे, आणि कुठले साठ हे सांगायला कुणी नाही.

“काकी, चूक माझी आहे,” ती म्हणाली. “ठोके गळाले तर घरच्या माणसांना तुटक ऐकू येऊ नये म्हणून मी पेटीला शिकवलं होतं, जेवढं पोचलं तेवढं घ्यायचं आणि उरलेली जागा सगळ्यात संभाव्य बोलण्याने भरायची. काकांचं सगळ्यात संभाव्य बोलणं काय?”

“सगळा बरा आसा.”

“आणि त्यांनी खरोखरच काही वाईट सांगितलं असेल तर? पेटीने तीन वर्षांत त्यांच्या तोंडून वाईट शब्द कधी ऐकला असेल?”

शेवंतीने तिच्याकडे पाहिलं. दाभोळची असली तरी पोरगी बंदरातली होती, तिला ठाऊक हवं होतं. दर्यात असताना वाईट तोंडातून काढायचं नसतं. बोटीवर कुणी बुडत नाही, कुणी फुटत नाही, सूर्यसुद्धा बुडत नाही, ‘दिस गेलो’ म्हणतात. बोटीत पाणी शिरलं तर ‘बोटीक घाम इलो’ म्हणायचं. आज्या-पणज्यांपासूनचा हा नेम भालचंद्र इतका कडक पाळी की खलाशाने शिंक दिली तरी त्याला ‘सर्दी’ म्हणू देत नसे.

सलमाने डोकं धरलं. जे कधीच बोललं जात नाही ते पेटीच्या लेखी जवळजवळ अशक्य, आणि जितकं अशक्य तितकं महाग. बरं आहे म्हणायला सहा बिट पुरत होते. नाही म्हणायला ऐंशी-नव्वद लागले असते. शांत समुद्रात तेही सहज गेले असते, पण या वादळातून बारा मिनिटांत जेमतेम वीस बिटांचं शहाणपण पार होत होतं. माणूस तिकडे घसा फोडून ओरडला तरी इकडे पेटी त्याच्याच आवाजात सांगणार होती की बांगडा होता.

“आणि तो ठिपको?” शेवंतीने नकाशाकडे बोट केलं.

“तोही अंदाजानेच चालतो, काकी. काल दुपारनंतर बोट खरी कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही.”

चेअरमननी फोनवर हात ठेवला. “शोधविमान सहाक सुटता. दोन जागा दिल्यानी आसत. तिसरी द्यायची तर जागा सांगूक व्हयी, वयनी. काल होतो थंयसून वारो आणि पाण्याची ओढ धरली तर चाळीस मैल लांब, वीस मैल रुंद दर्यो होता. आठशे चौरस मैल कोण शोधतलो? आणि तो तर सांगता, सगळा बरा आसा!”

चार वाजून पाच मिनिटांनी उपग्रह येणार होता, त्यानंतर पाच-चाळीसला. दोनच.

सलमाने बोटीच्या पेटीसाठी हुकूम तयार ठेवला, उपग्रह येताच सुटणारा: अंदाज बंद. आता पेटी काही सजवणार नव्हती. पेटीवर हिरवं आणि तांबडं अशी दोन बटणं होती. किनाऱ्यावरून प्रश्न जाईल, तांडेलाने हिरवं दाबलं तर हो, तांबडं दाबलं तर नाही, आणि तेवढं एकच उत्तर पेटी पुन्हा पुन्हा पाठवत राहील. चाळीस ठोके खोटे बोलोत, साठ खरे असले तर जास्त वेळा आलेलं उत्तर खरं. जितक्या वेळा म्हणाल तितकी खात्री.

“लिलाव,” शेवंती म्हणाली.

“तोच,” सलमा म्हणाली.

चार वाजून पाचला सलमाने स्वतः विचारलं, स्वच्छ शब्दांत: “भालूकाका, बोटीवर काही अडचण आहे का? असेल तर हिरवं दाबा, नसेल तर तांबडं.” धोका नको म्हणून तिने बाराही मिनिटं त्या एकाच उत्तराला दिली. पडद्यावर दोन आकडे शर्यतीसारखे चढत गेले. शेवटी तांबडे चारशे तीस, हिरवे दोनशे नव्वद. एवढ्या फरकाने हवामानखातंही कधी काही सांगत नाही.

“नाय म्हणता!” चेअरमननी सुटकेचा श्वास टाकला. “झाला तर मग.”

शेवंती कपाळावर हात मारून हसायलाच लागली, आणि ते हसणं ऐकून सलमा उभीच राहिली.

“अगो बाय, तुमी तेका असा विचारलात तर तो नायच म्हणतलो! गळ्याक पाणी लागला तरी नायच म्हणतलो. बोटीर उभो रवान अडचण आसा म्हणतलो, माजो घोव? ह्या उत्तर माका कालच ठावक होता. तेच्यासाठी उपग्रह कशाक व्हयो?”

सलमा हळूच खुर्चीवर बसली. कॉलेजात चार वर्षं आणि नोकरीत सहा वर्षं ती हेच शिकत आणि शिकवत आली होती, की ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक आहे त्याच्या उत्तरात बिट नसतो. सातशेवीस ठोके मोजून तिने शून्य बिट मिळवला होता, तोही पूर्ण खात्रीने. आणि तिची चूक तिला लिलाव पुकारणाऱ्या बाईने दाखवली होती, जिच्यापाशी समीकरण नव्हतं, नवरा होता.

“मग काय विचारायचं?”

“जेचा उत्तर माका ठावक नाय, आणि देताना तेची जीभ विटाळाची नाय. पुढच्या खेपेक किती विचारूक गावतले?”

“शंभर ठोक्यांना एक प्रश्न. सात.”

“सात पुरे,” शेवंती म्हणाली आणि भिंतीवरचा लिलावाचा फळा तिने पदराने पुसून काढला.

पाच-चाळीसपर्यंत ती फळ्यासमोर होती. आठशे मैलांचा दर्या तिने खडूने एका लांबट चौकटीत घातला आणि सलमाला विचारून विचारून तो कापत गेली, दरवेळी बरोब्बर मधोमध. दोन्ही बाजू सारख्याच शक्य राहिल्या तरच प्रश्नाचा पुरा दाम वसूल होतो, हे सलमाने एकदाच सांगितलं. शेवंतीला मासळीचे वाटे घालण्याची सवय होती. डोळ्यांनी मोजून सारखे दोन भाग करणं तिला नवं नव्हतं.

उपग्रह वर आला. शेवंती माइकसमोर गेली. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, त्यामुळे तिने नेहमीसारखंच सुरू केलं.

“अवो, आयकतात? आज भात खय शिजयलात? पुढे शिजयलो तर हिरवा दाबा, मागे शिजयलो तर तांबडा.”

चेअरमन तिला वेड लागल्यासारखं तिच्याकडे बघायला लागले. “वयनी, भात?”

शेवंतीने त्यांना हातानेच गप्प केलं. बोटीवरची शेगडी मागे असते, मशीनच्या खोलीला लागून. वर्षाचे बारा महिने भात तिथेच शिजतो. शेगडी उचलून पुढे नाळेकडे न्यायला एकच कारण लागतं, आणि ते कारण तोंडातून काढायचं नसतं. पण भात कुठे शिजवला हे सांगण्यात अभद्र काहीच नाही.

आकडे चढले. बरोबरीने चढले, मागेपुढे झाले, मग हिरवे पुढे सरकले आणि मागे वळले नाहीत. एकसष्ट, एकोणचाळीस.

चेअरमनांचा बापही तांडेल होता. त्यांना अर्थ लागला. त्यांनी शोधकेंद्राचा फोन लावला आणि लाइन धरून ठेवली.

“मशीनखोलीत पाणी आसा,” शेवंती सलमाला म्हणाली, आणि आवाज हलू न देता पुन्हा माइककडे वळली. “अवो, जीपीएसर अक्षांशाचो आकडो बघा. सोळा-वीसच्या रत्नागिरीकडे आसात तर हिरवा, गोव्याकडे आसात तर तांबडा.”

तांबडं. फळ्याचा वरचा अर्धा तिने पुसला.

“शीस सोडून पाण्याची खोली बघा. चाळीस वावांच्या आत हिरवा, भायर तांबडा.”

तांबडं. भायर होता, खोल पाण्यात. उजवीकडचा अर्धा गेला.

चौथा प्रश्न पुन्हा रत्नागिरी की गोवा, सोळा-दहाच्या रेघेवर. शंभर ठोके संपले तेव्हा पडद्यावर हिरवे एक्कावन्न, तांबडे एकोणपन्नास.

“हिरवा!” चेअरमन म्हणाले. “पुढचा विचारा, येळ जाता.”

शेवंतीचा खडू हवेतच राहिला. पाचव्या, सहाव्या, सातव्या प्रश्नाचे वाटे तिने आखून ठेवले होते. तोच प्रश्न पुन्हा विचारावा तर एक कमी पडणार, शेवटची चौकट दुप्पट मोठी राहणार. न विचारावा तर छोट्या, सुबक, नेमक्या चौकटीत विमान जाणार, आणि कदाचित तिथे नुसतं पाणी असणार.

“बोली नीट आयकाक नाय इली तर पुढची घेवची नाय,” ती म्हणाली. “अवो, परत सांगा. सोळा-दहाच्या रत्नागिरीकडे हिरवा, गोव्याकडे तांबडा.”

शंभर सेकंद. हिरवे अडतीस, तांबडे बासष्ट.

चेअरमननी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

उरलेले दोन प्रश्न तिने कसे विचारले हे नंतर तिला आठवेना. सलमाला मात्र शब्दन् शब्द आठवत होता, आवाजही. भर दर्यात पाण्यात उभ्या असलेल्या माणसाशी ती जणू भाजीला काय आणू असं विचारत होती. पाच-बावन्नला फळ्यावर एक चौकट उरली, पाच मैल लांब आणि पाच मैल रुंद. पडद्यावरचा हिरवा ठिपका त्या वेळी तिथून बत्तीस मैलांवर, देवगडच्या तोंडाशी, खुशाल घरी येत होता.

चेअरमननी फोनवर जागा सांगितली. पलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, खात्री काय? चेअरमन म्हणाले, “तेच्या बायलेन विचारल्यान.”

विमानाला बोट त्या चौकटीच्या दक्षिण कोपऱ्यात सापडली. मागचा भाग पाण्यात टेकलेला, नाळ वर, नाळेपाशी शेगडी, आणि सहा माणसं बादल्या उपसताहेत. विमानाने तराफा टाकला, पंप टाकला. सकाळी गस्तीच्या जहाजाने ओढून सातेरीप्रसादला देवगडात आणलं.

बोटीवरची पेटी सलमाने उघडली तेव्हा अडीच वाजता भालचंद्र मुळात काय बोलला होता ते तिच्यात जसंच्या तसं सापडलं. “भात पुढे शिजयलो. बोटीक घाम जास्त आसा. सकाळधरना मशीन गप आसा. तू वाट बघ नको, जेव.” अठ्ठ्याऐंशी बिट. ज्या दिवशी तो जन्मात पहिल्यांदा अठ्ठ्याऐंशी बोलला, नेमक्या त्याच दिवशी पेटीने त्याचे तीन करून आणले होते.

शेवंतीने तो कागद घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवला.

घरी आल्यावर चार दिवसांनी, तो जेवत असताना, तिने विचारलं, “त्या पोरीन विचारला तेव्हा नाय म्हणान कशाक सांगलात?”

“दर्यात तसा म्हणाचा नसता.”

“आणि भाताचा विचारला तेव्हा?”

भालचंद्रने आमटीचा भुरका घेतला. “मी पोरांका म्हटलंय, तिका कळला. आता उपसा.” मग म्हणाला, “सगळी माका सहा सहा म्हणतत. तुजो चार येता.”

शेवंतीचा डाव भाताच्या टोपात अडकला. “कवापासून?”

“पयल्यापासून. ‘बरा आसा, जेवलंय, संबाळून येवा.’ चार.”

“मगे सांगलात कशाक नाय?”

“विचारलंस कदी?”

सलमाने पेट्या बदलल्या. आता पेटीचे अंदाजाचे शब्द फिक्या आवाजात येतात आणि माणसाचे स्वतःचे ठसठशीत, म्हणजे किती तो आणि किती पेटी हे कानाला कळतं. शिवाय रोज घरून एक प्रश्न जातो, दोन्ही उत्तरं सारखीच शक्य असलेला आणि ज्याचं कुठलंच उत्तर अभद्र नाही असा. तो प्रश्न बायकाच ठरवतात. सलमाने वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात या पद्धतीला लांबलचक नाव दिलंय, पण किनाऱ्यावरच्या बेचाळीसही सोसायट्या तिला भात म्हणतात. ‘आज भात विचारलास?’ असं सकाळी लिलावात ऐकू येतं. रंजनाचा एकेचाळीस आता कुणी मनावर घेत नाही. भाताचं उत्तर आलं की पडद्यावर एकच बिट येतो. तो पुरा असतो, आणि बायका तो मिळेपर्यंत जेवत नाहीत.

मार्गशीर्षात सातेरीप्रसाद नव्या पट्ट्या मारून पुन्हा बाहेर पडली. दहाव्या दिवशी दुपारी अडीचला शेवंतीने भात विचारला. मागे शिजवला होता. तिने पेल्यातलं पाणी संपवलं. मग नेहमीचा निरोप आला, फिक्या आवाजात.

“सगळा बरा आसा. जेवलंय. पेडवो होतो. परवा येतंय.”

आणि मग पेटी जरा थांबली. इतकी थांबली की दारात उभी असलेली रंजनाही पुढे आली. ठोके येत होते, एकेक सेकंदाला एकेक, आणि शब्द बनत नव्हता. पेटीला पुढच्याचा अंदाजच लागत नव्हता. शेवटी आवाज आला, ठसठशीत, एकही अक्षर फिकं नाही.

“तू आज काय केलंस?”

आकडा आला: एक्काहत्तर.

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न त्या घरात कुणी कुणाला विचारला नव्हता. शेवंती गांगरली. तोंडात सवयीने जे होतं तेच बाहेर पडलं.

“काय करतलंय? काय नाय. बरा आसा. जेवलंय. संबाळून येवा.”

रंजनाने तोंडाला पदर लावला. “चार!”

शेवंतीने जीभ चावली. तिकडे आता पडद्यावर चार उमटला असणार, आणि तो माणूस त्या चाराकडे बघत बसला असणार.

तिने घड्याळ बघितलं. उपग्रह मावळायला अजून आठ मिनिटं होती. पाट ओढून ती पेटीसमोर ऐसपैस बसली, पदर खोचला आणि म्हणाली, “नाय, थांबा. आयका.”